आईची वाचा गेली ते वर्ष

खारी गावातल्या आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी फारसं बघत नसे. आईचा आवाज होता ना. सकाळी सगळ्यात आधी तो उठायचा आणि मग आम्ही. "कुंदे, उठ गो! पानी जाल मग!" ही माझी हाक. नळाला पाणी यायच्या आधी हंडे रांगेत लागायला हवेत, म्हणून ती हाक आळीच्या टोकापर्यंत जायची, आणि माझ्याबरोबर शेजारच्या दोन-तीन घरच्या मुलीही उठायच्या. तिला हळू बोलणं माहीतच नव्हतं. कोंबड्यांशी, मांजराशी, दारावर आलेल्या मासेवालीशी ती एकाच पट्टीत बोलायची. देवाशीसुद्धा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आमचा देव्हारा होता, त्यात कुलदेवतेचा टाक, एक बाळकृष्ण आणि कुठल्या कुठल्या जत्रांतून आलेल्या तसबिरी. त्यांच्यासमोर आई पदर खोचून उभी राहायची आणि शेजारणीला सांगावं तसं सांगायची, "आज फुला न्हाय गावली. उद्या दोन जास्त वाहीन. रागावू नको." कधी कधी भांडायचीही. माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा तिने देव्हाऱ्याला सरळ दम दिला होता, "पोरीला काय झाला तं मी तुना अंघोल घालाची न्हाय." बाळंतपण नीट झालं आणि दुसऱ्या दिवशी देवांना दुधाची अंघोळ मिळाली.

घर जुनं, कौलारू, पण पडकं नव्हे. पुढे अंगण, अंगणात तुळस, मागे शेवग्याचं झाड. चुलीवरची तांदळाची भाकर, तिच्याबरोबर भाजलेला सुका बोंबील नाहीतर खाडीच्या कोलंबीचं आंबट, आणि पावसाळ्यात वालाचं बिरडं. भाकर थापताना आईच्या बांगड्या एका ठेक्यात वाजत. आता मी जेसल पार्कात पाचव्या मजल्यावर राहते, भाकरी करते ती गॅसवर, आणि बांगड्या हातात नसतात, कारण सांधे सुजतात. तरी पीठ मळताना मनात तो ठेका येतोच. बाबांचं मिठागर माझ्या लहानपणीच बंद पडलं. त्यानंतर ते केबिन रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानात माल आणायचं-पोचवायचं काम करायचे. अबोल माणूस. घरात एक जण इतकं बोलत असेल तर दुसऱ्याने बोलायचं कधी, असं आम्ही हसायचो. माझ्या दोन्ही बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच उरलो होतो आणि मी बारावी होऊन टायपिंगच्या क्लासला जात होते.

आई धवलारीण होती. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं होतात, ते सगळं खरंच. पण त्याच्या आधी मांडवात येऊन बसते ती धवलारीण. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती गायल्याशिवाय हळद लागत नाही, मांडव मांडव होत नाही. सगळ्यात आधी ती देवांना आवतण देते. गावदेवी, डोंगरावरची देवी, खाडीकाठचा देव, घराण्याचे गेलेले वाडवडील, एकेकाचं नाव घेऊन गाण्यातून बोलावणं. मग यजमानाचं नाव, त्याच्या लेकीबाळींची नावं, नवरानवरीची नावं. कागद नाही, पुस्तक नाही. आईने हे तिच्या मावशीकडून ऐकून ऐकून उचललं होतं. मांडवात बसली की तिचा तो भरड आवाज कसा कोण जाणे गोल व्हायचा. आळीत जिला 'यमुने, हळू बोल' म्हणून सारखं सांगायला लागायचं, तिच्याच आवाजाने म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी लहानपणी तिच्या मांडीला टेकून बसायचे आणि मला खरंच वाटायचं, की तिने नाव घेतलं की तो तो देव येऊन मांडवाच्या खांबाशी उभा राहतो.

त्या वर्षी माझी चुलत बहीण सुलू हिचं लग्न ठरलं होतं. काका-काकूचं घर आमच्या अंगणापलीकडेच. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की पुढच्या महिन्यात मुहूर्त. सुलू आईच्याच हाताखाली वाढलेली. लग्न ठरल्याबरोबर ती धावत आली ती आमच्याकडे. "काकी, माझे धवले तूच म्हनाचे, हां!" आई म्हणाली, "मग काय तुजा नवरा म्हनंल?"

ते घडलं ती सकाळ आषाढातली. आई मासे साफ करून त्यांना मीठ लावत होती. मी ओट्याशी चहा गाळत होते. ती मला काहीतरी सांगत होती, बहुधा हळद दे असं, आणि बोलता बोलता तिचा शब्द घसरला. मी वळून पाहिलं तर तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, जणू तिचा नव्हेच. तोंड एका बाजूला ओढलं होतं. डोळे मात्र तिचेच होते, आणि त्या डोळ्यांत जी भीती होती ती मी तोवर आईच्या डोळ्यांत कधीच पाहिली नव्हती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मीठ." मी मिठाची बरणी पुढे केली. तिने मान हलवली आणि पुन्हा म्हणाली, "मीठ. मीठ." मग ती भिंतीला टेकली आणि तशीच कलंडली.

बाबा दुकानात जायला निघत होते. शेजारच्या चाळीतल्या सावंतमावशी, मूळच्या रत्नागिरीकडच्या, माझी किंकाळी ऐकून चप्पल न घालताच धावल्या. त्यांच्या मुलाने रिक्षा आणली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या शिरेत गुठळी अडकली आहे. जीव वाचला. पाय हळूहळू सुधारला, हातात थोडी जान आली. "बोलण्याचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "त्यांना सगळं समजतंय. फक्त शब्द सापडत नाहीत."

सापडत होता तो एकच शब्द. मीठ. पाणी हवं असेल तर मीठ. उशी सरकली तर मीठ. बाबा समोर आले की मीठ, आणि मला जवळ बोलवायचं तरी मीठ. तिला कळायचं की हा शब्द तो नव्हे. ती डोळे मिटून घ्यायची, ओठ आवळायची, आतून काहीतरी ओढून काढायला बघायची, घाम यायचा, आणि शेवटी तोंडातून तेच निघायचं. एकदा तिला त्याचं हसूही आलं. मी, बाबा आणि ती, तिघंही इस्पितळाच्या त्या खाटेवर हसत सुटलो, आणि हसता हसता ती रडायला लागली.

घरी आणलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात किती आवाज होता. आता भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं. कोंबड्या दाराशी येऊन थांबायच्या, कुणी हाकलत नाही म्हणून आत यायच्या. भेटायला बायका येत, प्रत्येकीच्या हातात काहीतरी, कुणाकडे मोसंबी, कुणाकडे अंगारा. एक म्हातारी आईच्या देखतच म्हणाली, "एवरे देव बोलावले हिने, न् देवाने हिचीच वाचा नेली." आईने तिच्याकडे शांतपणे बघितलं. मी मात्र स्वयंपाकघरात गेले आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून उभी राहिले. मला त्या तसबिरींचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवेना. पूजा मी सोडून दिली. बाबा कामावर निघायच्या आधी घाईघाईत दोन फुलं वाहायचे तेवढंच.

आणि एक दिवस दिवेलागणीला मला दिसलं, की आई भिंत धरत धरत देव्हाऱ्यापाशी गेली आहे. डाव्या हाताने ती निरांजनात तेल ओतत होती. अर्धं तेल बाहेर. काडी पेटवायला दोन हात लागतात. तिने काडेपेटी गुडघ्यांत धरली. किती काड्या मोडल्या असतील! मी पुढे झाले तर तिने मान हलवून मला थांबवलं. दिवा लागला. मग ती समोर पाटावर बसली आणि बसूनच राहिली. जी बाई देवाशी भांडायची, हिशेब करायची, कौतुक सांगायची, ती आता नुसती त्याच्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतर रोज. मला वाटायचं, ती मनातल्या मनात प्रार्थना करते आहे. मला तिचं नवल वाटायचं आणि खरं सांगायचं तर थोडी चीडही यायची. एवढं सगळं होऊन हिला अजून मागावंसं वाटतं?

बोरिवलीला एका धर्मादाय दवाखान्यात बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या एक मॅडम बसतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शाइनी मॅडम. केरळच्या, तरुण, केसांची लांब वेणी, हिंदी मोडकं आणि हसू मात्र अगदी मोकळं. मी आईला घेऊन तिथे जायला लागले. चित्रं दाखवायच्या, आई बघायची, ओठ हलवायची आणि मीठ म्हणायची. शाइनी मॅडमना कधी कंटाळा आला नाही. एके दिवशी त्यांनी चित्रं बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "मम्मी गाना गाती थी क्या? घर में, मंदिर में, कहीं भी?"

मी त्यांना धवल्यांचं सांगितलं. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, "बोलना दिमाग के एक तरफ से आता है. गाना दूसरी तरफ से भी आता है. कभी कभी बोलना चला जाता है, गाना रह जाता है. मम्मी को गाने बोलो. बायाँ हाथ पकड़ो, टेबल पे धीरे धीरे ताल दो."

घरी येताना रिक्षात मी आईला सारखी सांगत होते, "आई, तू धवला म्हण. गाण्यातून शब्द येतील. मॅडम म्हणाल्या!" घरी पोचल्यावर तिला पाटावर बसवलं, तिचा डावा हात हातात घेतला, ताल धरला आणि मला येत होतं तसं देवांचं आवतण सुरू केलं. आईने झटक्यात हात सोडवून घेतला. माझ्या तोंडावर हात ठेवला. जोरजोरात मान हलवली. डोळ्यांत पाणी, पण नकार पक्का. मी पुन्हा सुरू केलं तर तिने चक्क माझ्याकडे पाठ फिरवली.

मला रडू फुटलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. ते आत आले, आईच्या शेजारी बसले. "कुंदे," ते म्हणाले, "ती म्हननार न्हाय. मांडव न्हाय, लगीन न्हाय, न् देवाला आवतन कसा द्याचा? देव येतील, न् उपाशी परत जातील." मग आईकडे वळून म्हणाले, "हाय ना?" आईने त्यांच्याकडे बघून मान डोलावली. कितीतरी दिवसांत तिचं म्हणणं कुणाला तरी पुरतं कळलं होतं.

आज मी त्या प्रसंगाचा विचार करते तेव्हा थक्क होते. बाईची वाचा गेली आहे, ती परत यायची एक वाट समोर दिसते आहे, आणि ती म्हणते, नाही, माझ्या सोयीसाठी देवाला खोटं बोलावणं धाडणार नाही. मला तेव्हा हा हट्ट वाटला. पण ज्या देवाने आपल्याला तोंडावर पाडलं असं सगळे म्हणत होते, त्याचा मान तिने त्या अवस्थेतही राखला होता.

शाइनी मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक है. मम्मी का भगवान, मम्मी का रूल. हम लोग दूसरा कुछ गाएँगे." मग अंगाई, आरती, शाळेतली पाढ्यांची चाल, असं सगळं करून पाहिलं. सूर यायचा, आईच्या गळ्यातून गुणगुण निघायची, कधी एखादा शब्द अर्धा यायचा आणि विरघळायचा. मॅडम म्हणायच्या, येतंय, येतंय. मला काही येताना दिसत नव्हतं.

मधल्या काळात काकूची आमच्याकडे ये-जा कमी झाली होती. एका दुपारी ती आली, उंबऱ्यातच बसली, पदराशी चाळा करत म्हणाली, "वहिनी, रागावू नको. मुर्धा गावची एक धवलारीण हाय, तिला विचारून ठेवला हाय. लगनाचा घर हाय, काय तरी कराला पायजे ना." आईने तिचा हात थोपटला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण काकू गेल्यावर ती बराच वेळ अंगणात तुळशीपाशी बसून राहिली. बाबा कामावरून आले तेव्हा ती तिथेच होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले, मग तुळशीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. बाबा फार बोलत नसत, पण त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसायचं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी त्यांनी कामाला सुट्टी घेतली. सकाळीच ऊस घेऊन आले. दरवर्षी आमच्याकडे चार ऊस उभे करून वर आंब्याची डहाळी टाकली की मांडव झाला. त्या वर्षी बाबांनी बांबू आणले. सावंतमावशींचा मुलगा मदतीला आला. अंगणभर मांडव घातला, झावळ्या घातल्या, खांबांना ऊस बांधले, दाराला तोरण लावलं. तुळशीवृंदावनाला गेरू, त्यावर पांढरी नक्षी. मी रांगोळीचा चौक घातला. आवळे, चिंचा, चुरमुरे, पोहे, गूळखोबरं, सगळं केळीच्या पानावर. आई खाटेवरून हे सगळं बघत होती. दुपारी बाबा तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "यमुने, आज आपले घरान लगीन हाय. नवरी हाय, नवरा हाय, मांडव हाय, जेवन हाय. देव उपाशी जानार न्हाय. आता तू बघ काय ते."

आई उठली. मला खुणेने पेटी उघडायला लावली. लग्नांना नेसायचं तिचं हिरवं लुगडं मी काढलं आणि तिला नेसवलं.

दिवेलागणीला आळीतल्या बायका जमल्या. काकू आली, सुलू आली. सावंतमावशी आल्या. मी बाळकृष्ण देव्हाऱ्यातून आणला. पूजा सोडल्यापासून पहिल्यांदाच मी त्या देव्हाऱ्यात हात घातला होता. तुळशीला हळद लावायची वेळ झाली. आई चौकाशेजारी पाटावर बसली होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसले आणि तिचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. ताल धरला नाही. तिनेच धरला, बोटांनी, अगदी हलका. आईने डोळे मिटले आणि आधी नुसता सूर आला, फाटलेला, बसलेला. तो थांबला. पुन्हा आला. आणि मग त्या सुरातून, माझ्या कानांवर विश्वास बसेना, शब्द बाहेर पडले.

"आवतन देते गो... खाडीच्या देवाला..."

शब्द पुसट होते. काही अक्षरं गळत होती. पण शब्द होते, एकामागून एक, आपल्या जागेवर. गावदेवी आली. डोंगरावरची देवी आली. बायकांनी धीर करून मागून सूर धरला, आणि त्यांच्या आवाजाच्या आधाराने आईचा आवाज वर चढला. गेलेले वाडवडील आले, माझी आजी, माझे पणजोबा, एकेक नाव. तिचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. मग यजमानाच्या नावाची जागा आली. हे नाव ठरलेलं नसतं, दर लग्नाला वेगळं घालावं लागतं. आई थांबली. तिची बोटं माझ्या गुडघ्यावर तशीच चालत राहिली. मग ती म्हणाली,

"मांडव कुनाचे दारी गो... काशिनाथाचे दारी..."

काशिनाथ म्हणजे माझे बाबा. त्या काळच्या बायकांप्रमाणे आईनेही नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. मांडवाच्या खांबाशी उभे असलेले बाबा एकदम म्हणाले, "हाय! मी हाय!" जणू कुणी हजेरी घेत होतं. बायका हसल्या, आणि बाबा खांबाला धरून तोंड फिरवून उभे राहिले. पुढची ओळ लेकींची. आईने माझ्या बहिणींची नावं घेतली आणि मग डोळे उघडून माझ्याकडे बघून, सुरात, अगदी स्पष्ट म्हणाली, "कुंदा लेक त्याची." आषाढापासून मी मीठ झाले होते. त्या संध्याकाळी मी पुन्हा कुंदा झाले.

लग्न लागलं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. गाणं संपल्यावर सुलू आईच्या गळ्यात पडली. "काकी, बोल ना काहीतरी!" आईने तोंड उघडलं, आणि "मीठ" म्हणाली. क्षणभर सगळ्यांचे चेहरे पडले. आईने मात्र मान झटकली, डोळे मिटले, माझ्या गुडघ्यावर बोटं वाजवली आणि धवल्याच्या चालीत गायली, "सु-लू, जे-वू-न जा."

शाइनी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग लगेच कामाला लागल्या. काही जादू झाली नव्हती, हे त्यांनी मला नीट समजावलं. वाट सापडली होती, चालायची होती. रोज सकाळी आई पाटावर बसे आणि घरातलं एकेक वाक्य चालीवर म्हणे. पाणी दे. भात शिजला. दार लाव. बोटांचा ताल, आधी गाऊन, मग कमी गाऊन, मग नुसतं लांबवून, मग बोलून. पन्नास वेळा चुकायची आणि पुन्हा सुरू करायची. चिडली की ताट भिरकावायची, आणि मग स्वतःच उचलायला जायची. आमच्या आळीतली मुलं तिच्या चालीची नक्कल करायची. आईने त्यांना ओरडायचं सोडून उलट जवळ बोलावून त्यांच्याबरोबर म्हणायला सुरुवात केली. मी आयुष्यात पुष्कळ शिकलेली, पुष्कळ कमावलेली माणसं पाहिली. पण स्वतःच्या घरात, ज्या तोंडाने गाव गाजवलं त्याच तोंडाने, लहान मुलांच्या रांगेत बसून 'पा-णी' शिकणारी माझी आई मला आजही सगळ्यांत मोठी वाटते.

थोडं बोलायला लागल्यावर एकदा मी तिला विचारलं. ती देव्हाऱ्यापुढे दिवा लावून बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "आई, तेव्हा तू रोज इथे बसायचीस. काय मागायचीस गो देवाकडे?"

तिने बराच वेळ शब्द जुळवले. "मागत... न्हवती."

"मग?"

"राग. लय राग आयला." तिने देवाकडे बोट केलं. "त्याचा."

मी म्हटलं, "मग बसायचीस कशाला?"

"घर... त्याचा पन हाय," ती म्हणाली. बोटं गुडघ्यावर चालत होती. "मी गप. तो पन गप. दोगां... बसाचे." मग हसून म्हणाली, "एकटी... न्हवती."

त्या दिवसापासून मी पुन्हा दिवा लावू लागले. श्रद्धा म्हणजे काय, याच्यावर मी पुढे कीर्तनंही ऐकली आणि प्रवचनंही. माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा, माझे मिस्टर अचानक गेले तेव्हा, लोकांनी मला पुष्कळ काही सांगितलं. मला उपयोगी पडलं ते आईचं. राग आला तर येऊ द्यावा, पण पाटावरून उठू नये.

सुलूचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. मुर्ध्याची धवलारीण काकूने बोलावलीच होती, आणि ती बाई मनाने मोठी निघाली. मांडवात आल्याबरोबर तिने आईला आपल्या शेजारी बसवलं आणि म्हणाली, "आवतन तू दे, बाई. मी मागून धरते." आईने आवतण दिलं. नवऱ्यामुलाच्या नावापाशी मात्र ती अडली. नाव नवीन, जीभ वळेना. भटजी घड्याळाकडे बघू लागले. शेजारची ते नाव सांगायला पुढे वाकली, पण आईने डावा हात वर करून तिला थांबवलं. मांडवात शंभर माणसं, आणि बांगडीचाही आवाज नाही. आईने ओळ पहिल्यापासून घेतली. पुन्हा अडली. पुन्हा पहिल्यापासून. सुलू हळद लावलेल्या अंगाने मान खाली घालून बसली होती, तिचे ओठ आईबरोबर हलत होते. आणि आलं. नाव आलं, सुरात, आणि बायकांनी ते असं उचललं की मांडव दणाणला.

जेवणाच्या पंगतीत मी आणि आई शेजारी बसलो होतो. माझ्या दुसऱ्या बाजूला नवऱ्याकडची एक बाई होती. तिला आमच्याकडचं काही माहीत नव्हतं, आणि हिरव्या लुगड्यातली बाई माझी आई आहे हेही नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमची धवलारीण म्हनते छान, पन मधीच अडखलते. वय झाला काय तिचा?"

मी म्हटलं, "नाही हो. नवीन शिकतेय."

आईने ऐकलं. तिने हातातला घास पानात ठेवला, पुढे वाकली आणि त्या बाईकडे बघून, एकेक शब्द सावकाश उचलत, पण आळीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुजे पोरीच्या... लगनाला... बोलव. तवर... पक्का येल."